तक्क्या, धर्मशाळा आणि शाळा



मुखेड-कंधारकडील डोंगराळ भागात आणि शेजारच्या जळकोट-अहमदपूर तालुक्यांत वाडी-तांड्यांवर जिल्हा परिषदेच्या एक-दोन खोल्यांच्या शाळा आहेत. त्यांपैकी कित्येकींचा पट घटत चालला आहे. कोणी कुटुंब ऊसतोडीला जाते, कोणी हैदराबादेस वा पुण्यास मजुरीला जाते. ज्यांच्या हाती चार पैसे आले, ते आपली मुले गाडीत बसवून तालुक्याच्या इंग्रजी शाळेत धाडतात. मुले जातात, इमारत मात्र जागच्या जागी उभी राहते. आणि रिकाम्या इमारतीकडे पुष्कळांची नजर असते. कोणी म्हणतो, येथे गोदाम करू. कोणी म्हणतो, लग्नकार्याला भाड्याने देऊ. गाव यात्रेचे असेल तर कोणी म्हणेल, येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी भक्तनिवास करू, गावाला चार रुपये मिळतील. सूचना ऐकावयास बरी वाटते. परंतु तिला मान डोलविण्यापूर्वी शाळा आणि धर्मशाळा या दोन वास्तूंचा आपल्याशी काय संबंध होता, हे आपण नीट ध्यानी घ्यावे, अशी आमची विनंती आहे.

शाळेची धर्मशाळा व्हावी की न व्हावी, हा प्रश्न इतरांस केवळ सोयीचा वाटेल. आपल्यासाठी तो तसा नाही. पाणवठा आणि देऊळ सोडले, तर या देशात ज्या दारांवरून आपल्या वाडवडिलांना परत फिरविण्यात आले, त्यांत शाळेचे दार आणि धर्मशाळेचे दार ही दोन अग्रभागी होती. एका दारातून बुद्धीला मज्जाव झाला, दुसऱ्या दारातून थकलेल्या देहाला.

जुन्या गावगाड्यात महारवाड्याची स्वतःची एक सामायिक जागा असे. कोठे तिला चावडी म्हणत, कोठे तक्क्या. चार मातीच्या भिंती, वर माळवद आणि पुढे ओटा, एवढाच तिचा थाट. परगावचा पाहुणा, सोयरिकीसाठी आलेली मंडळी, पायी वाट तुडवीत निघालेला वाटसरू, ज्याला गावच्या धर्मशाळेत किंवा देवळाच्या ओवरीत पाय ठेवता येत नसे, त्याचा मुक्काम तेथे पडे. पंचायत तेथेच बसे. आणि गावच्या शाळेत आपल्या पोरांना आत घेत नसत, तेव्हा कित्येक गावी त्यांच्यासाठी जी निराळी शाळा भरली, तीही याच तक्क्यात. रात्री ज्या जमिनीवर पाहुणा घोंगडी टाकून निजला, त्याच जमिनीवर सकाळी पोरे पाटी घेऊन बसली. १९५६ च्या धर्मांतरानंतर अनेक ठिकाणी तोच तक्क्या बुद्धविहार झाला. एकच छप्पर आधी वाटसरूचे, मग विद्यार्थ्याचे, मग उपासकाचे. हे सारे दारिद्र्यामुळे झाले, हे खरे. दुसरी जागा नव्हती म्हणून एकाच जागेत सारे मावले. तथापि त्या दारिद्र्यातही एक शिस्त होती: सामायिक वास्तूला कुलूप नसे, आणि ज्याला निवारा हवा त्याला तेथे जात विचारली जात नसे.

याउलट सार्वजनिक पैशाने बांधलेल्या धर्मशाळांची आणि शाळांची गोष्ट. मुंबई कायदे कौन्सिलात रावबहादूर सी. के. बोले यांनी ४ ऑगस्ट १९२३ रोजी जो ठराव संमत करवून घेतला, त्याचे स्मरण आपण बहुधा महाडच्या चवदार तळ्याच्या निमित्ताने करतो. पण त्या ठरावात केवळ पाणवठे आणि विहिरी नव्हत्या. सार्वजनिक खर्चाने चालणाऱ्या धर्मशाळाही होत्या. शाळा, न्यायालये, कचेऱ्या आणि दवाखानेही होते. म्हणजे पाणी, निवारा आणि अक्षर या तिन्हींचा हक्क एकाच ठरावात मागितला गेला. आपला मुलूख तेव्हा निजामाच्या राज्यात होता. मुंबई इलाख्याचा ठराव येथे लागू नव्हता, आणि १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत तसल्या ठरावाची आशाही येथील माणसाने धरली नसेल. पुढे २६ जानेवारी १९५० पासून संविधानाच्या १५ व्या अनुच्छेदाने दुकाने, उपाहारगृहे, हॉटेले, विहिरी, तलाव आणि रस्ते सर्वांना खुले केले. १७ व्या अनुच्छेदाने अस्पृश्यताच नष्ट केली. २९ व्या अनुच्छेदाने सरकारी वा सरकारी मदतीच्या शाळेत धर्म, वंश, जात वा भाषा यांच्या कारणावरून प्रवेश नाकारण्यास बंदी घातली. १९५५ च्या अस्पृश्यता अपराध कायद्याने तर नावे घेऊन सांगितले की धर्मशाळा, सराई आणि मुसाफिरखाना येथे मज्जाव करणे हा गुन्हा आहे, आणि शाळा व तिला जोडलेले वसतिगृह येथे प्रवेश नाकारणे हाही गुन्हा आहे. सराई आणि मुसाफिरखाना हे शब्द मराठवाड्यातील वृद्धांच्या तोंडी सहज येत. कायद्याच्या कलमात ते आले तेव्हा अनेकांना आपल्याच गावाचे वर्णन वाचल्यासारखे वाटले असेल. हाच कायदा १९७६ पासून नागरी हक्क संरक्षण कायदा म्हणून ओळखला जातो.

कायदा येण्यापूर्वी धर्मशाळेचे दार कसे होते, हे सांगण्यास एका माणसाचा अनुभव पुरेसा आहे. १९१७ च्या सप्टेंबरात बाबासाहेब बडोद्यास गेले. बडोदे सरकारच्या साह्याने अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात आणि नंतर लंडनमध्ये त्यांचे शिक्षण झाले होते आणि करारान्वये ते त्या संस्थानाची चाकरी करण्यास आले होते. स्टेशनावर उतरल्यावर पहिला प्रश्न पडला तो राहावयाचे कोठे हा. हिंदू खानावळीत खरी जात सांगून जागा मिळण्याजोगी नव्हती. एका पारशी धर्मशाळेत ते गेले. व्यवस्थापकाला थोड्याच वेळात कळले की हा गृहस्थ पारशी नव्हे. परंतु धर्मशाळा ओस पडली होती आणि त्याला चार पैसे हवे होते, म्हणून वहीत पारशी नाव लिहून, रोजचे दीड रुपया देऊन राहण्याचे ठरले. दिवसा अकाउंटंट जनरलच्या कचेरीत काम. रात्री त्या ओसाड इमारतीत, मोडक्या बाकांच्या आणि अडगळीच्या सोबतीला, एका कंदिलाच्या उजेडात वाचन. अकराव्या दिवशी सकाळी काठ्या घेतलेले दहा-बारा पारशी जिना चढून वर आले आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याचे त्यांनी फर्मावले. बाबासाहेबांनी दोन मित्रांकडे आसरा मिळतो का पाहिले. एक हिंदू होता, एक ख्रिस्ती. दोघांनी निरनिराळ्या शब्दांत नकारच दिला. शेवटी सार्वजनिक बागेत बसून त्यांनी वेळ काढला आणि रात्रीच्या गाडीने मुंबई गाठली. जगातल्या मोठ्या विद्यापीठाची पदवी त्यांच्याजवळ होती; निजावयास एक खोली मात्र नव्हती. शिक्षण घेतले की सारे सुरळीत होते, असे समजणाऱ्यांनी हा प्रसंग आवर्जून वाचावा.

आता धर्मशाळेच्या इतिहासाची दुसरी बाजू. ती पंढरपुरात घडली, आणि आमच्या मते ती आपल्या प्रत्येक घरात सांगितली जावी.

चोखोबांना विठ्ठलाच्या देवळाची पायरी ओलांडू दिली नाही, हे सर्वविदित आहे. त्यांची समाधीही महाद्वारापाशी, बाहेरच. सहा शतके उलटली तरी आषाढी-कार्तिकीला येणाऱ्या अस्पृश्य वारकऱ्याला मंदिरात प्रवेश नव्हता, आणि सवर्णांच्या मठांत वा धर्मशाळांत उतरण्याची सोयही नव्हती. वाळवंटात, पावसात, उघड्यावर तो रात्र काढी. हे पाहून गाडगे महाराजांनी १९२० च्या सुमारास पंढरपुरात चोखामेळा धर्मशाळा उभी केली. गाडगेबाबा परीट समाजातले, अक्षरशत्रू, हाती खराटा आणि डोक्यावर गाडगे. परंतु लोकांकडून पै-पैसा गोळा करून त्यांनी पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी, मुंबई अशा ठिकाणी लाखो रुपयांच्या वास्तू बांधल्या आणि स्वतः मात्र त्यांच्या छपराखाली सुखाने पाय पसरले नाहीत. कीर्तनात ते देवाची महती थोडी आणि शाळेची फार गात. घरातली भांडी विका, पण पोराला शिकवा, हा त्यांच्या बोलण्याचा सारांश असे.

चोखामेळा धर्मशाळा हे उपकाराचे काम होते, यात शंका नाही. तथापि ती निराळी धर्मशाळा होती, हेही विसरून चालणार नाही. वेगळा पाणवठा जसा पाणी देतो आणि वेगळेपणही टिकवितो, तशीच वेगळी धर्मशाळा. बाबासाहेबांना तर पंढरीच्या वाटेचेच वावडे होते. रमाईंनी पंढरपूरला जाण्याची इच्छा बोलून दाखविली, तेव्हा जे पंढरपूर भक्ताला दाराबाहेर उभे करते तेथे कशाला जावयाचे, आपण आपल्या आचरणाने आणि सेवेने दुसरे पंढरपूर निर्माण करू, अशा आशयाचे उत्तर त्यांनी दिल्याचे चरित्रकार नमूद करतात. रमाई २७ मे १९३५ रोजी गेल्या. विठ्ठल मंदिर खुले झाले ते १९४७ च्या मे महिन्यात, साने गुरुजींच्या दहा दिवसांच्या उपोषणानंतर.

मंदिराचे दार उघडले, आणि मग दोन वर्षांनी जे घडले त्याला आम्ही अधिक मोल देतो. १९४९ साली, बाबासाहेब देशाचे कायदेमंत्री असताना, गाडगे महाराजांनी पंढरपूरची ती चोखामेळा धर्मशाळा बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. यात्रेकरूंच्या मुक्कामाची जागा विद्यार्थ्यांचे वसतिगृह झाली. एक संत, ज्याने आयुष्यभर देवाच्या दारी येणाऱ्यांसाठी निवारे बांधले, तो आपली वास्तू अशा माणसाच्या हाती देतो ज्याने १९३५ मध्येच हिंदू म्हणून मरणार नाही असे जाहीर केले होते. यात दोघांचाही मोठेपणा आहे. गाडगेबाबांना कळले होते की वारीच्या चार दिवसांच्या निवाऱ्यापेक्षा पोराच्या दहा वर्षांच्या निवाऱ्याची निकड अधिक आहे. बाबासाहेबांनीही ती वास्तू यात्रेसाठी बांधली म्हणून नाकारली नाही. तिचा उपयोग पालटला. बाबासाहेब ६ डिसेंबर १९५६ रोजी गेले आणि गाडगेबाबा त्याच महिन्याच्या २० तारखेला.

धर्मशाळेची शाळा होणे हा आपल्या चळवळीचा रिवाजच होता म्हणा ना. पीपल्स एज्युकेशन सोसायटी ८ जुलै १९४५ रोजी स्थापन झाली आणि पुढल्या वर्षी जूनमध्ये सिद्धार्थ महाविद्यालय उघडले ते मुंबईच्या मरीन लाइन्सवरील लष्करी बराकींत. महायुद्ध संपले, शिपाई गेले, त्या पत्र्यांखाली विद्यार्थी बसले. नंतर फोर्टमध्ये इमारती मिळाल्या तेव्हा त्यांना बुद्धभवन आणि आनंदभवन अशी नावे देण्यात आली. मराठवाड्यासाठी औरंगाबादेत जून १९५० मध्ये जे महाविद्यालय सुरू झाले आणि पुढे मिलिंद या नावाने विख्यात झाले, त्याचाही आरंभ छावणीतील जुन्या वास्तूंत झाला. नव्या इमारतीची कोनशिला १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते बसली. नांदेड, परभणी, उस्मानाबाद, बीड येथून अंगावरच्या कपड्यानिशी आलेली मुले नागसेनवनातील वसतिगृहांत राहिली आणि शिकली. येथे एक गोष्ट लक्षात ठेवावी. धर्मांतरानंतर अनुसूचित जातींच्या केंद्रीय सवलती बौद्धांना लागू नव्हत्या. त्या लागू होण्यास १९९० साल उजाडावे लागले. त्या चौतीस वर्षांत ज्यांनी दीक्षाही घेतली आणि शिक्षणही सोडले नाही, त्यांना आपल्या संस्थेच्या वसतिगृहातील एका खाटेचे मोल विचारा.

म्हणून शाळेच्या वास्तूचे दुसरे काही होताना आपण स्वस्थ बसू शकत नाही. पुण्याच्या बुधवार पेठेतील भिडेवाडा आठवावा. १८४८ मध्ये जोतिराव फुल्यांनी मुलींची शाळा तेथे उघडली. सावित्रीबाईंनी तेथे शिकविले. पुढे त्याच वाड्यात दुकाने थाटली गेली, बँक आली. वाडा पडझडीला आला, स्मारकाची मागणी न्यायालयात वर्षानुवर्षे अडकली. शेवटी २०२३ च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयात भाडेकरूंची बाजू फेटाळली गेली आणि डिसेंबरच्या आरंभी मोडकळीस आलेला वाडा पाडण्यात आला. जागा हाती आली. मूळ वास्तू गेली. जेव्हा पहिले दुकान तेथे उघडले, त्या दिवशीच कोणी हरकत घेती तर!

शाळेची धर्मशाळा झाल्याची खरीखुरी उदाहरणेही जगात आहेत, आणि ती सगळीच वाईट नाहीत. जपानातील क्योटो हे बौद्ध विहारांचे शहर. १८६९ साली तेथील मोहल्ल्या-मोहल्ल्यांतील लोकांनी वर्गणी काढून चौसष्ट प्राथमिक शाळा उभारल्या. जपान सरकारचा शिक्षणविषयक कायदा त्यानंतर तीन वर्षांनी आला. पुढे शहराच्या मध्यभागी मुले उरली नाहीत, शाळा एकामागून एक मिटल्या. कियोमिझू येथील शाळा २०११ मध्ये बंद झाली आणि तिच्या १९३३ च्या इमारतीत २०२० साली हॉटेल उघडले. रिस्सेई नावाच्या शाळेची १९२८ ची इमारत १९९३ मध्ये ओस पडली होती. तेथेही २०२० मध्ये हॉटेल आले. मात्र नगरपालिकेने जागेची मालकी सोडली नाही, आणि रिस्सेईच्या त्याच आवारात मोहल्ल्यातील लोकांसाठी सभेची जागा आणि ग्रंथालय राखले गेले. अमेरिकेत पोर्टलंड शहरी १९१५ ची केनेडी शाळा १९७५ मध्ये बंद पडली. १९९७ पासून तेथे प्रवासी उतरतात आणि खोल्यांतील फळे अजून भिंतीवर आहेत. हे सारे कौतुकाचे आहे. तरी एक भेद आहे. तेथे मुले संपली म्हणून शाळा संपल्या. आपल्याकडे मुले आहेत. ती दुसऱ्या गावी जातात, नाहीतर शेळ्यांमागे.

२०२३ साली शिक्षण खात्याने जी माहिती दिली, तिच्यानुसार महाराष्ट्रात वीसपेक्षा कमी पटाच्या १४,७८३ शाळा होत्या आणि त्यांत सुमारे १ लाख ८५ हजार मुले शिकत होती. पानशेत आणि तोरणमाळ येथील नमुन्यावर अशा शाळांची समूह शाळा करावी, असा विचार त्या वर्षी सप्टेंबरात पुढे आला. मोठ्या शाळेत शिक्षक अधिक, प्रयोगशाळा, मैदान. हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु ही मुले कोणाची? धनिकांची मुले वीसच्या पटाच्या शाळेत नसतात. ती वस्तीवरच्या मजुरांची, बौद्धांची, मातंगांची, बंजाऱ्यांची आणि धनगरांची असतात. मुलगा कदाचित तीन कोस जाईल. मुलीला आई-बाप धाडणार नाहीत आणि तिचे लग्न ठरेल. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यान्वये केलेल्या महाराष्ट्राच्या नियमांत पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत असावी, असे म्हटले आहे. शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश पालक असले पाहिजेत, निम्म्या स्त्रिया असल्या पाहिजेत, आणि दुर्बल घटकांतील पालकांना त्यांच्या प्रमाणात स्थान मिळाले पाहिजे. तुमच्या गावच्या समितीत तुमच्या वस्तीतील कोण आहे, हे तुम्हांस ठाऊक आहे काय? समितीची सभा कधी झाली, हे तिच्या सभासद बाईंना तरी ठाऊक आहे काय? सही घेण्यापुरते घरी रजिस्टर येत असेल, तर तशी सही करू नये.

आता थोडे आपल्या घराविषयी बोलू. ते कडू लागले तरी बोलू. वस्तीत विहार आहे. बहुतेक ठिकाणी समाजमंदिरही आहे. पौर्णिमेला वंदना होते, १४ एप्रिलला रोषणाई होते. इतर दिवशी काय? दाराला कुलूप, किंवा ओट्यावर पत्त्यांचा डाव. जो तक्क्या वाटसरूला आणि पाटीवाल्या पोरांना एकाच वेळी पुरला, त्याच्या जागी सिमेंटची इमारत आली आणि तिचा उपयोग मात्र आटला. विहार या शब्दाचा अर्थच मुळी राहण्याची जागा. अनाथपिंडिकाने श्रावस्तीला जेतवन विकत घेतले ते भिक्खूंना वर्षावासात निवारा मिळावा म्हणून. अजिंठ्याच्या विहारांत मध्ये मंडप आणि भोवती लहान लहान खोल्या आहेत. तेथे राहणे आणि शिकणे निराळे नव्हते. मग आपल्या विहारात संध्याकाळी दिवा आणि चार सतरंज्या असण्यास काय हरकत आहे? दहावी-बारावीच्या पोरांना घरी एका खोलीत सात माणसे, दूरदर्शनचा गोंगाट आणि चुलीचा धूर असतो. मुखेड, नांदेड वा लातूरला शिकण्यास गेलेल्या पोराला आडनाव विचारून खोली नाकारणारे घरमालक अजून भेटतात; बडोद्याची धर्मशाळा फार दूर गेलेली नाही. शासकीय वसतिगृहात नंबर न लागलेल्या मुलांसाठी २०१६-१७ पासून भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. तिचा अर्ज कसा भरावा हे सांगणारा एक तरी सुशिक्षित माणूस विहारात आठवड्यातून एकदा बसावा.

येत्या ग्रामसभेला आपल्या वस्तीतील स्त्री-पुरुषांनी जावे. शाळेची इमारत व जागा कोणाच्या नावे नोंदलेली आहे, जिल्हा परिषदेच्या की ग्रामपंचायतीच्या, हे नोंदवहीत पाहावे आणि उतारा मागून घ्यावा. जेथे सहा ते चौदा वर्षांचे एकही मूल आहे, तेथे ती वास्तू शाळाच राहील, असा ठराव मांडावा. जेथे खरोखरच मूल उरले नाही, तेथे तिचे भक्तनिवास वा गोदाम करण्याआधी अभ्यासिका, ग्रंथालय किंवा स्थलांतरित मजुरांच्या मुलांचे हंगामी वसतिगृह व्हावे, असे लेखी मागावे. आणि कोणत्याही कारणाने ती मुक्कामाची जागा झालीच, तर मालकी सार्वजनिकच राहील आणि तेथे उतरणाऱ्याला जात विचारली जाणार नाही, ही दोन वाक्ये त्याच ठरावात लिहवून घ्यावीत. ठराव वाचून दाखविल्याखेरीज अंगठा वा सही देऊ नये. ठरावाची प्रत विहारात लावावी, आणि एक प्रत आमच्याकडे पाठवावी. ती आम्ही पुढील अंकी छापू.